यंत्रांशी गप्पा : गाडीला उचलून कोण घेणार?



या वेळच्या टपालात आठवीतल्या एका मुलीचं पत्र आलं. तिच्या बाबांचं घराला लागूनच छोटंसं गॅरेज आहे. ती लिहिते, "बाबा जॅक लावून गाडीखाली झोपून काम करतात. संध्याकाळी त्यांची पाठ धरते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पोतं टाकून झोपतात. आई म्हणते, एकदाची लिफ्ट घेऊन टाका. पण चौकशी केली तर चार प्रकार निघाले आणि जो तो आपलीच चांगली म्हणतो. आमचं गॅरेज आतून ११ फूट रुंद, १८ फूट लांब आहे. वर स्लॅब १० फुटांवर आहे. आम्ही कोणती घ्यावी?"

शाबास! या पत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट कोणती, सांगू? तिने मापं दिली आहेत. भली भली मोठी माणसंसुद्धा "चांगली लिफ्ट कोणती?" एवढंच विचारतात. अहो, टोपी घ्यायची तरी आधी डोकं मोजावं लागतं, मग लिफ्टसाठी गॅरेज नको का मोजायला?

पण निवडण्याआधी एक कोडं सोडवू. मारुतीची स्विफ्ट साधारण ९०० किलोंची. इनोव्हा क्रिस्टा तर १८०० किलोंच्या आसपास. एवढं धूड एक छोटीशी मोटार वर उचलते, ते कशाच्या जोरावर?

ही करामत आहे तेलाची. ब्लेझ पास्कल नावाचा एक फ्रेंच गणिती होऊन गेला. जन्म १६२३, मृत्यू १६६२. उणंपुरं ३९ वर्षांचं आयुष्य! बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे त्याने दाखवून दिलं. त्याचं हे लिखाण तो गेल्यानंतर, १६६३ मध्ये छापलं गेलं.

आता वही-पेन्सिल घ्या. एक बारीक नळी आहे, तिच्यातल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर. तिला जोडलेली एक जाड नळी, तिच्यातल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. दोन्हींत तेल भरलंय. बारीक दट्ट्यावर १० किलोचं वजन ठेवलं, तर जाड दट्ट्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १० किलोचा जोर मिळणार. म्हणजे एकूण किती? १००० किलो! स्विफ्ट उचलली की नाही?

थांबा, थांबा. निसर्ग काही फुकट देत नाही, बरं का! जाड दट्टा १ सेंटिमीटर वर जायला बारीक दट्टा १०० सेंटिमीटर खाली दाबावा लागतो. म्हणून तर टायरवाले काका जॅकचा दांडा इतक्या वेळा वरखाली करतात आणि गाडी मात्र बोटाबोटाने वर जाते. लिफ्टमध्ये हेच काम विजेचा पंप न थकता करतो.

गाडीसाठी अशी लिफ्ट बनवायचं श्रेय दिलं जातं अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या पीटर लुनाटी यांना. साल १९२५. न्हाव्याच्या दुकानातली वरखाली होणारी खुर्ची पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. माणूस खुर्चीत बसून वर जातो, तर गाडी का नाही जाणार?

आता पाहू हे चार प्रकार.

पहिला, जमिनीतून वर येणारा एकच जाडजूड चकचकीत खांब. गाडी धुण्याच्या सेंटरवर तुम्ही तो पाहिला असेल. तो बसवायला जमिनीत खोल खड्डा घ्यावा लागतो. घरच्या गॅरेजमध्ये हे नसतं झेंगट कशाला?

दुसरा, दोन खांबांची लिफ्ट. दोन्ही बाजूंना पोलादी खांब आणि त्यांना फिरणारे चार हात. हे हात गाडीच्या पोटाखाली ठराविक चार जागी टेकतात. चारही चाकं मोकळी लोंबतात, खालून सगळं दिसतं. मेकॅनिकची सर्वांत लाडकी लिफ्ट हीच.

तिसरा, चार खांबांची. गाडी दोन लांब फळ्यांवर चढवायची आणि फळ्यांसकट उचलायची. वापरायला सोपी आणि भक्कम. पण चाकं फळीवरच टेकलेली असतात, त्यामुळे चाक काढायचं तर फळ्यांच्या मध्ये आणखी एक जॅक हवा.

चौथा, कात्री लिफ्ट. मिटली की जमिनीलगत चपटी, जेमतेम १०-११ सेंटिमीटर उंच. उघडली की कात्रीच्या पात्यांसारखी फुलते आणि गाडीला उचलते. यातली मध्यम उंचीची जात गाडीला १ ते १.२ मीटर, म्हणजे साडेतीन-चार फूट वर नेते.

चला, आता पत्रातली मापं लावून पाहू.

आधी उंची. स्विफ्ट जमिनीपासून टपापर्यंत ५ फूट. दोन खांबांची लिफ्ट गाडीला ६ फूट उचलते, तेव्हा कुठे माणूस खाली ताठ उभा राहतो. ५ अधिक ६ झाले ११. आणि स्लॅब तर १० फुटांवर! म्हणजे गाडी पूर्ण उंच नेताच येणार नाही. शिवाय काही लिफ्टना खांबांच्या वरून जाणारी आडवी कमान असते. तिलाच ११-१२ फूट उंची लागते. कमान नसलेली, बुटक्या खांबांची लिफ्ट मिळते, पण छताचं काय करणार? ते वर ढकलता थोडंच येतं!

मग रुंदी. दोन खांबांच्या लिफ्टला बाहेरून बाहेर ११ फुटांच्या आसपास जागा लागते. पत्रातलं गॅरेज नेमकं ११ फूट. म्हणजे खांब भिंतींना घासणार आणि बाजूने जायला वाट उरणार नाही. चार खांबांची लिफ्ट आत मावेल कदाचित, पण गॅरेज सगळं तीच व्यापून टाकेल. स्कूटर दुरुस्तीला आली, तर ती काय अंगणात ठेवायची?

राहिली कात्री. स्विफ्टचे ५ फूट अधिक ४ फूट, झाले ९. वर एक फूट मोकळा. छान! पण इनोव्हा आली तर? ती स्वतःच ६ फुटांच्या जवळपास. ६ अधिक ४ म्हणजे १०. टप छताला टेकलाच म्हणून समजा! उंच गाडी ३ फुटांवरच थांबवायची. भिंतीवर लाल रंगाची ठळक रेघ मारून ठेवली की झालं. आणखी एक गंमत. गाडी वर असताना मागचं दार किंवा बॉनेट उघडलं, तर तेही छतावर आपटतं. पंखा आणि ट्यूबलाइटही हिशेबात धरा.

यानंतरचा प्रश्न कुणीच विचारत नाही. गाडीच्या पायाखाली काय आहे?

आपल्याकडे पुष्कळ घरांत मुरूम टाकून, धुमस करून वर शहाबादी फरशी बसवलेली असते. चालायला ती उत्तम. पण दोन खांबांच्या लिफ्टचा सगळा भार खालच्या बोल्टांवर आणि काँक्रीटवर येतो. फरशीत बोल्ट ठोकला तर तो दाढेसारखा उपटून येईल. बनवणारा सांगेल तेवढ्या जाडीचं चांगलं काँक्रीट हवंच. आणि काँक्रीट दुसऱ्या दिवशी कडक दिसलं, तरी त्याची ताकद २८ दिवसांनी मोजतात. तोवर पाणी मारायचं आणि धीर धरायचा. कात्री लिफ्टला बहुधा बोल्ट लागत नाहीत, पण सपाट, न खचणारी काँक्रीटची जमीन तिलाही हवी.

कित्येक घरांत पाण्याची टाकी किंवा मैल्याची टाकी नेमकी गाडी लावायच्या जागेखाली असते. त्यावर लिफ्ट? छे छे! घर बांधताना जे हजर होते, त्या आजोबांना आधी विचारा.

विजेचंही पाहायला हवं. लिफ्टची मोटार साधारण तीन अश्वशक्तीची असते. घरच्या एक फेज विजेवर चालणारी मिळते, पण मिक्सरच्या प्लगवर ती लावायची नाही. मीटरपासून वेगळी जाड तार, वेगळा स्विच आणि चांगलं अर्थिंग, हे सगळं परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचं. "पण मध्येच वीज गेली तर गाडी धाडकन खाली येईल का?" नाही. तेलाच्या वाटेवर एकेरी झडप असते. ती तेलाला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. पंप थांबला तरी गाडी जिथल्या तिथे राहते.

मग झालं तर! आता खुशाल खाली जायचं?

मुळीच नाही. ही या गप्पांमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. हे पान आईबाबांनाही वाचून दाखवा.

तेल गाडीला धरून ठेवतं, ते काही रबरी रिंगा आणि एका नळीच्या भरवशावर. रिंग झिजली, नळी फुटली, तर तेल बाहेर आणि गाडी खाली. म्हणून चांगल्या लिफ्टमध्ये तेलाशिवाय एक पोलादी खटका असतो. लिफ्ट वर जाताना टक् टक् टक् असा आवाज येतो ना, तो या खटक्याचा. तो एकेका दात्यावरून पुढे सरकत असतो. हवी ती उंची आली की लिफ्ट किंचित खाली सोडायची. गाडीचा भार खटक्यावर टेकला, म्हणजे आता तेल नाही, पोलाद गाडी पेलतंय. त्यानंतरच माणसाने खाली जायचं. लिफ्ट घेताना रंग आणि किंमत नंतर पाहा, हा खटका आधी पाहा. युरोपात गाड्यांच्या लिफ्टसाठी ई.एन. १४९३ नावाचं मानक आहे. लिफ्ट त्याप्रमाणे बनवली आहे का, याचा कागद दुकानदाराकडे मागायला लाजू नये.

साध्या जॅकला तर बहुतेक वेळा असा खटकाही नसतो. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, उचलून धरण्यासाठी नाही. लिफ्ट येईपर्यंत बाबांनी जॅकने गाडी उचलली, की लगेच दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावायच्या, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावायचे, आणि मगच अंग खाली घालायचं. विटा रचून तर कध्धीच नाही. वीट वरून धड दिसते आणि भार आला की एका क्षणात भुगा होते. घोड्यांची जोडी लिफ्टच्या मानाने फारच स्वस्त मिळते. तेव्हा लिफ्टचे पैसे साठायला वर्ष लागलं तरी चालेल, घोड्या मात्र याच आठवड्यात आणा.

काही जण म्हणतील, "त्यापेक्षा जमिनीत खड्डा खणला तर? खर्चच नाही!" पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात जाऊन बसते आणि एका ठिणगीची वाट पाहते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं ते वेगळंच. शिवाय घराला लागून गॅरेज म्हणजे लहान मुलं पळणार, पडणार.

तर पत्रातल्या गॅरेजसाठी माझा कौल मध्यम उंचीच्या कात्री लिफ्टला. वजन पेलण्याची क्षमता येणाऱ्या सर्वांत जड गाडीपेक्षा बरीच जास्त हवी, ३ टनांची असली म्हणजे इनोव्हाही निर्धास्त. बुटक्या स्टुलावर बसून ब्रेक, चाकं, सस्पेन्शनची कामं आरामात होतील, पाठ जमिनीला लावायला नको. तिच्यात एक उणीव आहे, तीही सांगून टाकतो. गाडीच्या पोटाचा मधला भाग कात्रीनेच झाकला जातो, म्हणून गिअरबॉक्स उतरवण्यासारखी कामं अवघड जातात. महिन्यातून अशी कामं किती येतात, हे बाबांनी जुन्या बिलांच्या वहीत मोजून पाहावं. फारच येत असतील तर लिफ्टचा पैसा आधी उंच शेडमध्ये घालावा.

आणि मुलांसाठी नियम एकच. लिफ्ट हलत असताना तिच्यापासून लांब. चेंडू खाली गेला तर जाऊ दे, चेंडू दुसरा मिळतो.

आता तुमचा गृहपाठ. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक ५ मिलिलिटरची, एक २० मिलिलिटरची. मोठ्या माणसाच्या मदतीने त्या बारीक नळीने जोडा आणि पाणी भरा. आत हवेचा एकही बुडबुडा नको. आता छोटा दट्टा तुम्ही दाबा आणि मोठा ताईला दाबायला सांगा. कोण जिंकतं? मग पट्टीने मोजा, छोटा दट्टा किती सरकला आणि मोठा किती. नंतर मुद्दाम एक बुडबुडा आत सोडा आणि पुन्हा दाबून पाहा. काय फरक पडला, आणि का पडला? पाण्याऐवजी नुसती हवा भरली असती, तर काय झालं असतं?

उत्तरं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मोजलेले आकडे लिहायला मात्र विसरू नका हं!