भाऊबीजेची ओवाळणी

कार्तिक शुद्ध द्वितीयेला बहिणीने भावाला ओवाळावे आणि भावाने तिच्या तबकात यथाशक्ती काही घालावे, हा आपल्या घरोघरचा शिरस्ता इतका जुना आणि इतका गोड आहे की, त्यातून एखादी संस्था उभी राहू शकेल असे आपल्या सहसा मनातही येत नाही. हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणसंस्थेच्या कार्यकर्त्यांच्या मात्र ते मनात आले. ज्या काळी वैधव्य आलेल्या मुलीला मंगलप्रसंगी चारचौघांत पुढे येण्याची मुभा नव्हती, त्या काळी अशा मुलींच्या शिक्षणाचा भार वाहणाऱ्या या संस्थेने समाजाला भावाचे नाते दिले आणि त्या नात्याने ओवाळणी मागितली. दिवाळीच्या सुमारास पावतीपुस्तके घेऊन घरोघर फिरणाऱ्या स्वयंसेवकांनी भाऊबीज निधी म्हणून जी रक्कम जमविली, तीत धनिकांच्या देणग्यांइतकेच मोल मध्यम स्थितीतील कुटुंबांनी घातलेल्या नाण्यांना होते.

यंदाचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती देताना या निधीचे स्मरण आम्ही मुद्दाम करीत आहोत. सेवा म्हणजे सर्वस्वाचा त्याग, संसारसुखाकडे फिरविलेली पाठ आणि मुद्रेवरचे अखंड गांभीर्य, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे, आणि त्या समजुतीमुळे पुष्कळ सज्जन माणसे सेवेला दुरूनच नमस्कार करून स्वस्थ राहतात. परंतु जी कार्ये दोन-दोन पिढ्यांहून अधिक टिकली, त्यांचा इतिहास जवळून पाहिला तर असे आढळते की, त्यांनी आपले बळ नित्याच्या जीवनातून, त्यातल्या सवयींतून, नात्यांतून आणि आनंदांतूनच घेतले होते.

हिंगण्याच्या या संस्थेचे संस्थापक महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र याची उत्तम साक्ष आहे. कोकणातील मुरूड गावी, आपल्या गुरुजींच्या सांगण्यावरून, दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्यापासून त्यांच्या लोकसेवेला प्रारंभ झाला, आणि वाचणाऱ्या मुलाला व ऐकणाऱ्या मंडळींना तिच्यात आनंदच होता. 1875 साली परीक्षेसाठी हा मुलगा कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्यास पोहोचला आणि वय लहान दिसते एवढ्याच कारणाने परत पाठविला गेला; परंतु पायांवरचा आणि मनावरचा त्याचा विश्वास त्या वाटेवर कोठेही सांडला नाही. पुढे मुंबईत असताना त्यांनी मुरूडकरांकडून अल्पस्वल्प वर्गण्या गोळा करून गावाच्या उपयोगासाठी मुरूड फंड काढला. थोड्यांकडून पुष्कळ मिळण्याची वाट न पाहता पुष्कळांकडून थोडे मागावे, हा त्यांच्या साऱ्या आयुष्याचा धडा तेथेच घोटला गेला.

1893 साली पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला, आणि ज्या गावासाठी त्यांनी फंड काढला होता त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांनी कोणाविषयी कटू शब्द काढला नाही आणि आपले मतही सोडले नाही. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला, आणि 1900 साली, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जमिनीवर, एका झोपडीत त्याचा संसार मांडला गेला. दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावे, सायंकाळी आश्रमाला लागणारे सामान बरोबर घेऊन चिखलकाट्यांची वाट तुडवीत हिंगण्यास जावे, तेथे मुलींना शिकवावे आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर व्हावे, असा त्यांचा क्रम होता. या क्रमाला तपश्चर्या म्हणणे सोपे आहे. परंतु शिकविण्यात ज्याला रस नाही आणि चालण्यात ज्याला सुख नाही, अशा माणसाकडून हा क्रम महिनाभरही निभला नसता.

त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यापाठी उभ्या राहिलेल्या स्त्रियांचा उल्लेख केल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. गोदूबाई, म्हणजेच बाया कर्वे, यांनी घरखर्चाची ओढाताण सोसून संसार चालविला आणि स्वतःही आश्रमासाठी निधी जमविला. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात राहून शिकल्या, तेथेच शिकवू लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. पुढे इंग्रजीचे अल्प ज्ञान असताना त्या अमेरिकेस गेल्या आणि परक्या घरांतून घरकाम करून तेथे राहिल्या. स्वयंपाकघरात जिचे आयुष्य संपावयाचे असे समाजाने ठरविले होते, त्या स्त्रीने त्याच स्वयंपाकघरातील कष्टांच्या आधाराने अर्ध्या जगाचा प्रवास केला.

1916 साली पाच विद्यार्थिनींनिशी कर्वे यांचे महिला विद्यापीठ सुरू झाले. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांचे दान जाहीर केले. येथे दुसरा एखादा पुरुष कृतार्थ होऊन विसावला असता. परंतु कर्वे यांनी 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापून त्याकरिता पुन्हा वर्गणी मागावयास आरंभ केला, आणि 1944 मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. 1958 साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा किताब त्यांना मिळाला, तेव्हा राष्ट्राने एका महान कृत्याबरोबरच अगणित साध्या दिवसांचाही गौरव केला.

म्हणून आमची वाचकांस विनंती अगदी घरगुती आहे. पाडव्यास नव्या वह्या उघडताना व्यापारीबंधूंनी आपल्या जमाखर्चात परक्या बहिणीचे एक खाते मांडावे. भाऊबीजेला प्रत्येक घराने ओवाळणीचा एक वाटा जवळच्या एखाद्या शाळेसाठी, वसतिगृहासाठी, वृद्धाश्रमासाठी काढावा, आणि तो मनीऑर्डरीने धाडून मोकळे न होता स्वतः नेऊन द्यावा, मुलांना बरोबर न्यावे, फराळाचा डबा न्यावा, तासभर तेथे बसून बोलावे. देणाऱ्याला तेथे जो आनंद होईल तोच त्याला पुढच्या वर्षी, आणि कदाचित पुढच्या महिन्यातही, पुन्हा त्या दाराशी घेऊन जाईल. आणि उपदेशाने जे साधत नाही ते अशा येण्याजाण्याने हळूहळू साधेल.

 वाचकांची दिवाळी आनंदाची जावो, आणि त्या आनंदात यंदा एक नवी बहीण, एक नवा भाऊ सामील होवो, ही आमची सदिच्छा आहे.