आकड्यावरून निवाडा नको

एका प्रयोगशाळेने 'हर्पीस' असल्याचे सांगावे आणि दुसरीने नसल्याचे, असे घडले की माणूस हवालदिल होतो. प्रसंगी संसारात संशय शिरतो. वास्तविक ही रक्ततपासणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे शोधते. ती दिसू लागण्यास बारा आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो. घाईची तपासणी म्हणूनच फसवी ठरते. 'आयजीएम' तपासणी तर जुना व नवा संसर्ग वेगळा करू शकत नाही. पहिल्या प्रकारच्या विषाणूची प्रतिपिंडे पुष्कळदा बालपणीच्याच संसर्गाची खूण असतात. दुसऱ्या प्रकारचा निर्देशांक १.१ ते २.९ असा क्षीण आला, तर तो अनेकदा खोटा निघतो. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ साली, निर्देशांक ३ पेक्षा कमी असल्यास दुसऱ्या पद्धतीने खातरजमा करावी, असे सुचविले. फोड आलेला असेल, तर त्यातील स्रावाची तपासणी हा अधिक थेट मार्ग होय. आकड्याचा अर्थ लावणे हे डॉक्टरांचे काम; त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही.