कापणारा हात

घरात छायाचित्र काढण्याचा प्रसंग आला म्हणजे एक गोष्ट हटकून घडते. आजोबांचा हात कापत असला, तर कोणी तरी हळूच पुढे होऊन तो शालीखाली झाकतो. नाहीतर आजोबा आपण होऊनच बाजूस सरतात. हेतू प्रेमाचाच असतो. तथापि हे प्रेम आडवाटेने जाते, असे आमचे मत आहे.

पुढे चरखा आणि त्यामागे बसून वाचीत असलेले महात्माजी, हे छायाचित्र न पाहिलेला विद्यार्थी पुण्यात विरळाच. ते १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाईट ह्या अमेरिकन बाईंनी 'लाइफ' साप्ताहिकाकरिता घेतले. आधी स्वतः सूत कातण्यास शिका, अशी त्यांस अट पडली, व बाई खरोखरच चरख्यापाशी बसल्या! प्रकाशाचे तीनच दिवे वापरण्याची मुभा होती. पैकी दोन वाया गेले, तिसऱ्याने काम केले.

पुढे सात-आठ वर्षांत त्याच बाईंचा पाय जड झाला, बोटे आखडू लागली. हा कंपवात होय. लंडनच्या जेम्स पार्किन्सन ह्या वैद्याने १८१७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव रोगास पडले. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने नाश पावतात, आणि अवयव मनाची आज्ञा वेळेवर पाळीनासे होतात. बोटे मोकळी राहावीत म्हणून बाई वर्तमानपत्रांचे चोळामोळा करून गोळे करीत. कित्येक वर्षे त्यांनीही दुखणे लपविलेच. १९५९ व १९६१ साली मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या. काही गुण आला, पण रोग हटला नाही, आणि कॅमेरा अखेर हातातून सुटला. १९७१ साली त्या वारल्या. त्यांनी रोगावर विजय मिळविला, असे आम्ही म्हणणार नाही. ते खरे नव्हे.

परंतु १९५९ सालीच त्यांनी एक गोष्ट केली. आल्फ्रेड आयझेनस्टाट ह्या आपल्या सहकाऱ्यास त्यांनी स्वतःच्या दुखण्याची व उपचारांची छायाचित्रे घेऊ दिली, आणि 'लाइफ'ने ती छापली. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभी राहिलेली स्त्री आजारी देहानिशी त्याच्यासमोर आली. युद्धभूमीवरील त्यांच्या धैर्याहून हे धैर्य आम्हांस काकणभर अधिकच वाटते. शुभवर्तमानातही वाळलेल्या हाताच्या मनुष्यास प्रभूने सभास्थानात मध्यभागी उभे केले, कोपऱ्यात नव्हे.

आपल्या पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे रुग्णास 'शुभार्थी' व त्याची काळजी घेणाऱ्यास 'शुभंकर' म्हणतात. शब्द किती विचारपूर्वक योजले आहेत पाहा!

कोणी म्हणेल, कापणाऱ्या हाताने छायाचित्र निघावे कसे? ह्या रोगातील कंप हात स्वस्थ असताना अधिक, आणि तो कामास लागला म्हणजे पुष्कळदा ओसरतो. शिवाय कॅमेरा तिवईवर ठेविता येतो, उघडझाप जलद करिता येते. आता तर प्रत्येक घरी मोबाइल आहे. तेव्हा विद्यार्थ्यांनो, आजोबांचा हात झाकण्याऐवजी त्या हातात तो देऊन पाहा. काय टिपावे हे मात्र त्यांस सांगत बसू नका.

येत्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात एक भिंत अशा चित्रांकरिता राखून ठेवावी, अशी चालकांस आमची विनंती आहे. चित्र हलले आहे, एवढ्याच कारणास्तव कोणतेही परत पाठवू नये.