शास्त्रवार्ता : विंचवाचा दंश आणि घरांतील वडीलधारे

ह्या सदरांत आम्ही वैद्यक, पशुशास्त्र, यंत्रविद्या इत्यादि विषयांतील नव्या संशोधनाची वार्ता दर महिन्यास वाचकांपुढें ठेवीत आलों आहों. गेल्या आश्विनांत आमच्या सूनबाईंनीं एक साधाच प्रश्न केला आणि आम्हांस क्षणभर निरुत्तर केलें. सोयाबीनची सोंगणी आटोपून गांवाकडून वाशिमास पोतीं आलीं होतीं. तीं पडवींत रचतांना एका पोत्याखालून तांबूस विंचू निघाला. तो मारून झाल्यावर सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, आपण इतक्या संशोधनांविषयीं लिहितां. ह्या विंचवावर कोणी कांहीं शोधून काढलें आहे काय? आणि काढलें असल्यास तें आपल्या घरांत कोणास ठाऊक आहे?"

प्रश्नाच्या पूर्वार्धाचें उत्तर सोपें आहे आणि महाराष्ट्रास अभिमानास्पदहि आहे. उत्तरार्धाचें उत्तर देणें आम्हांस जड जातें. तथापि आज दोन्ही उत्तरें देणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

प्रथम विंचवाविषयीं थोडेंसें. विंचू हा कीटक नव्हे. तो कोळ्याच्या नात्यांतील आठ पायांचा प्राणी आहे. विंचवी अंडीं न घालतां पिलांसच जन्म देते आणि आरंभींचे कांहीं दिवस तीं सर्व पिलें पाठीवर वागविते. 'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही आपली म्हण निदान तिच्या बाबतींत तरी अक्षरशः खरी आहे. सुश्रुतानें कल्पस्थानांत विंचवांचे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे तीन वर्ग केले आहेत. सर्वांचें विष सारखें नसतें, हें आजचें प्राणिशास्त्रहि सांगतें. मोठी काळी इंगळी दिसावयास भयंकर, तिचे पुढचे चिमटेहि जाड; पण तिच्या दंशानें ठणका लागला तरी जीवावर बेतण्याचे प्रसंग क्वचित् येतात. तांबडा विंचू आकारानें लहान, त्याचे चिमटे सडपातळ आणि शेपूट मात्र जाड. महाविष म्हणावा असा हाच होय. अतिनील किरण सोडणारी विजेरी अंधारांत विंचवावर धरिली असतां त्याचें अंग हिरवट-निळें चमकूं लागतें. संशोधक रात्रीं ह्याच युक्तीनें विंचू हुडकितात. अशा विजेऱ्या आतां बाजारांत मिळतात. गोवऱ्या, पऱ्हाट्या आणि तुराट्या रचून ठेवणाऱ्या घरांत ती एक असावी, असें आम्हांस वाटतें.

आतां संशोधनाकडे वळूं. जालना जिल्ह्यांतील देहेड ह्या खेड्यांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपुरास वैद्यकाचें शिक्षण घेऊन १९७६ सालीं कोंकणांत महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत सरकारी चाकरीवर रुजू झाले. तेथें तांबड्या विंचवाचा दंश झालेलीं माणसें, आणि त्यांतहि मुलें, त्यांच्या डोळ्यांदेखत दगावूं लागलीं. त्या काळचे उपचार लागू पडत नव्हते आणि हाताशीं मोठीं यंत्रेंहि नव्हतीं. तेव्हां ह्या तरुण डॉक्टरांनीं रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि श्वास हीं बारकाईनें पाहून टिपून ठेवण्याचा मार्ग धरिला. हीं निरीक्षणें १९८२ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या मातबर वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालीं. त्यांच्या निरीक्षणांचें सार असें : दंशाच्या जागीं आग होत असून दुसरें कांहीं लक्षण नसेल, तर तो रुग्ण बहुधा निभावतो. उलट ज्यास उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो आणि ज्याचे हातपाय गार पडतात, त्याचें हृदय संकटांत असतें. मग त्याची नांगीची जागा दुखत असो वा नसो.

असें कां होतें? आपल्या मज्जातंतूंत सोडियमच्या कणांस येण्याजाण्यास सूक्ष्म दारें असतात. ह्या विषामुळें तीं उघडलेलीं दारें वेळेवर मिटत नाहींत. मज्जातंतू एकसारखे चेतलेले राहतात, शरीरांत ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. रोगी अखेर श्वासावांचून जातो. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर? रक्तदाब उतरविण्याकरितां निघालेलें प्राझोसिन नांवाचें औषध हेंच काम करितें. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्या दांपत्यानें ह्या औषधाचा अनुभव १९८६ सालीं 'लॅन्सेट'मध्यें मांडिला. पूर्वीं अशा गंभीर रुग्णांपैकीं शेंकडा सुमारें ४० दगावत. ह्या उपचारानें तें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. औषध नवें नव्हतें, महागहि नव्हतें. नवें होतें तें पाहणें.

पुढें घोड्याचें साह्य आलें. घोड्यास विष अल्प प्रमाणांत, वाढत्या मात्रेनें टोंचलें असतां त्याच्या रक्तांत विष मारणारें द्रव्य तयार होतें. तें काढून शुद्ध केलें म्हणजे प्रतिविष झालें. हाफकिनच्या कारखान्यांत तांबड्या विंचवाचें प्रतिविष तयार झाल्यावर बावस्कर दांपत्यानें महाड येथें ७० रुग्णांवर त्याची कसोटी घेतली. ३५ जणांस नुसतें प्राझोसिन आणि ३५ जणांस प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलें. १० तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटांत ८, तर दुसऱ्या गटांत ३२ भरले. हा निष्कर्ष २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नें छापिला, आणि २०२२ सालीं डॉ. हिंमतरावांस पद्मश्री मिळाली.

येथवर लिहितांना लेखणी अडली नाहीं. आतां प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे येतों.

१९८९ सालच्या कार्तिकांतील गोष्ट. वाशिम तेव्हां अकोला जिल्ह्यांत होतें. आमचें मूळ गांव रिसोड तालुक्यांत. आमच्या थोरल्या बंधूंचा सात वर्षांचा मुलगा दिवेलागणीस गोठ्यांतून गोवऱ्या आणावयास गेला आणि त्यास विंचू चावला. मांत्रिक आला, त्यानें कडुलिंबाचा डहाळा फिरविला. नऊच्या सुमारास मुलाचें रडणें थांबलें, दुखत नाहीं म्हणूं लागला. सर्वांस हायसें वाटलें. तेवढ्यांत वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भावजी, ह्याचे हात इतके गार कां लागतात? सदरा घामानें भिजला आहे, आणि दोन वेळां ओकलाहि." आमचे चुलते तात्या म्हणाले, "उतार पडला म्हणजे घाम येतोच. पण तूं मास्तर आहेस, तुझें काय मत?" आम्ही त्या वेळीं शाळेंत मुलांस आरोग्यशास्त्र शिकवीत होतों. आम्हीं म्हटलें, "झोंपूं द्या. सकाळीं पाहूं."

शेजारीं ट्रॅक्टर उभा होता. मागितला असता तर शेजाऱ्यांनीं नाहीं म्हटलें नसतें. पहाटे मुलास धाप लागली, तोंडास फेंस आला, आणि उजाडण्यापूर्वीं तो गेला.

पुष्कळ वर्षांनीं डॉ. बावस्करांच्या संशोधनाची हकीकत आमच्या वाचनांत आली तेव्हां आम्हीं सालें ताडून पाहिलीं. उलटी, घाम, गार हातपाय : वहिनींनीं त्या रात्रीं सांगितलेलीं तिन्ही लक्षणें सात वर्षांपूर्वींच छापलेलीं होतीं, आणि औषध छापून तीन वर्षें झालीं होतीं. तें औषध त्या रात्रीं जवळच्या दवाखान्यांत होतें कीं नव्हतें, हें विचारावयास आम्ही गेलोंच नाहीं. म्हणून दवाखान्यास किंवा सरकारास दोष देण्याचा अधिकारहि आम्हांस नाहीं. जें एका डॉक्टरांनीं पाहिलें तेंच आमच्या वहिनींनीं पाहिलें होतें. डॉक्टरांनीं तें लिहून ठेविलें. वहिनींचें म्हणणें आम्हीं ऐकून घेतलें नाहीं.

घरांत लक्षणें प्रथम बायकांस दिसतात, ही गोष्ट डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांनीं आपल्या विदर्भांतच संशोधनाचा पाया केली. १९८६ पासून गडचिरोलीस 'सर्च' ह्या संस्थेमार्फत त्यांचें कार्य चालू आहे. बालकास न्यूमोनिया झाला कीं त्याचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आंतील बालकाचे मिनिटास ६० आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० श्वास ही धोक्याची खूण. पण साठापर्यंत मोजतां न येणाऱ्या सुइणीनें काय करावें? त्यासाठीं त्यांनीं एक साधी फळी तयार केली. तीवर एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक सहा मण्यांची व एक पांचांची. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं ओळींतील शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजावा. पुढें त्यांनीं ३९ गांवांतील स्त्रियांस नवजात बालकांची घरींच काळजी घेण्यास शिकविलें, आणि १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें त्याचा हिशेब मांडिला : हजारीं ६२ असलेले नवजातांचे मृत्यु तीन वर्षांत सुमारें २५ वर आले.

पशुशास्त्रांतील अनुभवहि असाच आहे. २०२२ सालीं गुरांत लंपी रोगाची साथ आली. हा विषाणु शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा आप्त. म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांस टोंचण्यांत आली. त्याच वर्षीं हिसार आणि इज्जतनगर येथील संशोधकांनीं ह्याच रोगाकरितां स्वतंत्र देशी लसहि सिद्ध केली. आमच्या गोठ्यांत एका बैलाच्या मानेवर गांठ प्रथम दिसली ती धाकट्या भावजयीस. ह्या खेपेस कोणी 'सकाळीं पाहूं' म्हटलें नाहीं. बैल त्याच संध्याकाळीं वेगळा बांधला, माशा-गोचिडांसाठीं गोठा झाडून काढला, आणि पशुवैद्यांस निरोप धाडला. बैल वांचला.

तात्पर्य, प्रयोगशाळेंत निघालेलें ज्ञान पुष्कळ पायऱ्या चढून आपल्या दारापर्यंत येतें. शेवटची पायरी घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातीं असते. आणि वडीलधाऱ्यांचा निर्णय कानावर अवलंबून असतो : स्वयंपाकघरांतून किंवा दाराआडून आलेला शब्द त्यांनीं ऐकला पाहिजे.

म्हणून वाचकांस विनंति अशी. विंचू चावल्यास जागा कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये. वेळ लिहून ठेवावी, रुग्णास पडून राहूं द्यावें आणि दवाखान्यांत न्यावें; गाडी नसेल तर १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलाच्या बाबतींत, किंवा उलटी, घाम वा गार हातपाय ह्यांपैकीं एकहि लक्षण असल्यास, क्षणाचाहि विलंब करूं नये. ठणका थांबला म्हणजे विष उतरलें असें समजूं नये. प्राझोसिन मात्र आपल्या मनानें देऊं नये. त्यानें रक्तदाब उतरतो, आणि रुग्णास उठवून बसविलें तर घेरी येते. तें डॉक्टरांच्याच हातचें औषध.

सूनबाईंनीं हीं लक्षणें एका कागदावर लिहून पडवीच्या दारामागें लाविलीं आहेत. खालीं त्यांनीं आपल्या अक्षरांत एक ओळ जोडिली आहे : "घरांत ज्यास प्रथम दिसेल, त्यानें मोठ्यानें सांगावें." आमच्या वहिनी आज ऐंशीच्या घरांत आहेत. दिवाळीस आल्या तेव्हां त्यांनीं तो कागद वाचला; बोलल्या कांहीं नाहींत, पण जातांना सूनबाईंकडून त्याची एक प्रत मागून नेली.

असो. पुढील अंकीं विहिरीच्या पाण्याविषयीं.