पाटी कॅमेऱ्याला, मोकळीक मोबाईलला



हे पत्रक हातात घेऊन बागेच्या फाटकाशी उभे असाल तर मान जरा वर करा. पत्र्यावर लिहिलंय, 'फोटोग्राफीस सक्त मनाई'. आता आत पाहा. कारंज्यापाशी दोन मुली रील करताहेत. घसरगुंडीच्या टोकाशी आजोबा मोबाईल धरून नातवाची वाट बघताहेत. त्यांना कुणी हटकत नाही, आणि हटकूही नये.

हटकलं ते सातवीतल्या एका मुलीला. उंबराच्या फांदीवर तांबट बसला होता आणि तिच्या गळ्यात वडिलांचा जुना कॅमेरा होता. शिट्टी वाजली. "मोठा कॅमेरा चालत नाही." का? "वरून ऑर्डर आहे." तांबट कधीच उडाला होता. रक्षकाशी आमचं भांडण नाही. तो ठेकेदाराचा माणूस, सांगितलं तेवढं करतो. पण वरून म्हणजे नेमकं कुठून? पुणे महापालिकेला उपविधी करायचा तर तो मुख्य सभेपुढे यावा लागतो, त्याला शासनाची मंजुरी लागते. आमच्या पाटीवर ना ठरावाचा क्रमांक, ना तारीख, ना अधिकाऱ्याचं पद. असा नुसता रंगवलेला पत्रा मुलांना दटावतो आहे.

शनिवारवाड्यात चला. ते केंद्राचं संरक्षित स्मारक. पुरातत्त्व खात्याने २०१८ च्या जुलैमध्ये आपल्या स्मारकांच्या आवारातली फोटोबंदी उठवली. अपवाद ठेवले तीनच: अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातला मुख्य मकबरा. अजिंठ्याची बंदी आम्हाला मान्य आहे, कारण तिथली चित्रं नाजूक आहेत. पण पेशव्यांच्या वाड्याचा फोटो चालतो आणि बागेतल्या जास्वंदीचा चालत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

"बायकांच्या सुरक्षिततेसाठी," असं उत्तर मिळतं. हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. ओपन जिममध्ये व्यायाम करणाऱ्या बाईवर कुणी गुपचूप कॅमेरा रोखला तर ती यायचंच सोडते. आमच्यातल्याच एकीने सोडलं आहे. पण तो माणूस गळ्यात हातभर लेन्स अडकवून येत नाही हो! तो बाकावर बसून मोबाईल बघितल्यासारखं करतो. म्हणजे पाटी ज्याला अडवायला लावली तोच आत, आणि पक्षी बघणारी पोरगी बाहेर. बाईच्या खासगी क्षणाचं चोरून चित्रण हा २०१३ पासून गुन्हा आहे, आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये. उघड्या मैदानावरचा आगाऊपणा त्यात बसेलच असं नाही. त्यासाठी नियम हवाच, पण तो वागण्यावर हवा: व्यायाम करणाऱ्यांचे आणि दुसऱ्याच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हरकत घेतली तर तिथल्या तिथे पुसायचे, मग हातात काहीही असो.

पोहण्याच्या तलावावर तर आम्ही महापालिकेपेक्षा कडक आहोत. कपडे बदलायच्या खोल्यांत मोबाईलसकट सगळं बंद करा, लॉकर द्या. प्री-वेडिंगवाल्यांनाही मोकळं रान नको. चालायच्या वाटेवर रिफ्लेक्टर, धुराचे डबे, झाडाआड कपडे बदलणं... त्यांच्याकडून शुल्क घ्या, वेळ बांधून द्या.

एक शंका मात्र मनातून जात नाही. झोपाळ्याची साखळी तुटली, कचरा साठला, दिव्याच्या खांबाची वायर उघडी पडली, की त्याचा फोटो काढणाऱ्याला ही पाटी हमखास दाखवली जाते. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमातलं 'प्रतिबंधित स्थळ' नाही, तिथल्या चित्रीकरणाला तो कायदा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं. मग आमच्या कराच्या पैशातला तुटका झोपाळा कसलं गुपित आहे?

ही पाटी कोणत्या ठरावाने लागली, असा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तयार केला आहे. सोबत पाटी बदलण्याचं निवेदन आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसातपासून फाटकाबाहेर टेबल मांडून बसतो आहोत. सही करायला या. मुलांना आणा, कॅमेरा असेल तर तोही आणा. आणि आत जाण्याआधी या पाटीचा एक फोटो काढून ठेवा.

– बागेत रोज फिरायला येणारे काही नागरिक