दुष्काळाला तारीख नसते

२६ जुलै आला की वर्तमानपत्रं, टीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप, जिकडे बघाल तिकडे एकच आकडा फिरत असतो: ९४४. २००५ साली त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हाच पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात फक्त ७३. 'आजच्या दिवशी' छापाच्या सदरांना असा दिवस म्हणजे पर्वणीच. तारीख तयार, आकडा तयार, फोटो तयार.

आमच्या परभणीला अख्ख्या वर्षात साधारण जेवढा पाऊस पडतो, तेवढा तिथे एका दिवसात पडला. शेकडो माणसं गेली. तेव्हा ती आठवण ठेवू नका, असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझं म्हणणं वेगळं आहे. हवामानाचा इतिहास तारखेने लिहायची सवय लागली की परभणीसारखा जिल्हा त्यातून गळतो. आणि नुसता इतिहासातून नाही, कधी कधी मदतीच्या यादीतूनही.

आधी तारीख म्हणजे काय ते बघू. हवामान खात्याचा पावसाचा दिवस रात्री बाराला बदलत नाही. सकाळी साडेआठला पाऊस मोजतात आणि मागच्या २४ तासांचा आकडा मोजणीच्या तारखेवर टाकतात. साडेआठच का? तर हवामानाचं जागतिक घड्याळ यूटीसीवर चालतं आणि आपले साडेआठ म्हणजे तिकडचे तीन. म्हणजे ते सुप्रसिद्ध ९४४ खात्याच्या नोंदीत २७ जुलैच्या नावावर जातात! टाइमझोनच्या बगांमागे रात्री घालवणाऱ्या आपल्या जमातीला याचं नवल वाटायला नको.

मुंबईत ही फक्त गंमत. पण सेलू-मानवतकडे हाच पैशांचा प्रश्न होतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, असा निकष आहे. आता समजा, पहाटे दोनला पाऊस सुरू झाला. साडेआठपर्यंत ६० मिलिमीटर, मग दुपारी दोनपर्यंत आणखी ५५. बारा तासांत ११५! सोयाबीन गुडघाभर पाण्यात. तक्त्यात मात्र एका तारखेला ६०, दुसऱ्या तारखेला ५५. दोन्ही दिवस नापास. शिवाय मंडळात कित्येक गावं आणि पर्जन्यमापक एकाच ठिकाणी. कुलाबा आणि सांताक्रूझ आठवा म्हणजे झालं.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०२३ मध्ये राज्याने 'सततचा पाऊस' ही नैसर्गिक आपत्ती मानायचं ठरवलं. सलग ५ दिवस, रोज किमान १० मिलिमीटर, आणि वर आणखी काही अटी. म्हणजे नुकसान एका तारखेत मावत नाही, हे मान्य झालं. चांगलंच झालं.

पण आमच्याकडची खरी आपत्ती पाऊस पडण्याची नसून न पडण्याची आहे. माझ्या आजीच्या तोंडी सगळं वय, लग्नं, बाळंतपणं 'बहात्तरच्या दुष्काळा'च्या आधीची किंवा नंतरची. तिला विचारा, तो दुष्काळ कुठल्या तारखेला आला? ती हसेल. दुष्काळ येत नाही, तो साचत जातो. रोहयोसारखी योजना ज्यातून उभी राहिली ती घटना 'आजच्या दिवशी'मध्ये कुठे टाकणार?

२०१८ साली सरकारने ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. परभणी जिल्ह्यातले तालुकेही त्यात होते. पण ती घोषणेची तारीख. पिकं त्याच्या कितीतरी आधी माना टाकून बसली होती. ऑगस्ट २०२३ तर १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यातला कुठला दिवस आपण दरवर्षी आठवतो? एकही नाही. ३१ दिवस रोज काहीच घडलं नाही, आणि तीच तर बातमी होती.

कुणी म्हणेल, अरे बाबा, तलाठ्याने कागदावर काहीतरी लिहायला हवं ना? नियम म्हटला की कुठेतरी रेघ मारावीच लागते. शंभर टक्के मान्य. रेघ ६५ वरच राहू दे. फक्त २४ तासांची चौकट साडेआठला खिळे ठोकून बसवू नका, ती सरकती ठेवा. कुठलेही सलग २४ तास घ्या. महावेध प्रकल्पातून मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसलेली आहेत, ती दिवसभर आपोआप नोंदी घेतात. कोड लिहायचा म्हटलं तर आपल्यापैकी कुणीही चहा संपायच्या आत लिहील. आणि प्रत्येक मंडळाच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: शेवटचा चांगला पाऊस होऊन किती दिवस झाले? तो आकडा रोज वाढताना सगळ्यांना दिसला, तर दुष्काळासाठी ऑक्टोबरच्या घोषणेची वाट बघावी लागणार नाही.

दिवस मोजणं आपल्याला छान जमतं हो. प्रश्न एवढाच आहे की आपण पडलेल्या पावसाचेच दिवस मोजतो, न पडलेल्याचे मोजत नाही. आमच्या जिल्ह्याचं अर्धं आयुष्य त्या दुसऱ्या दिवसांत जातं.