मुलीला घरी कोण सोडणार?

माझी भाची तेरा वर्षांची आहे. अंबरनाथला शाळेच्या हॉकी संघात खेळते. गेल्या महिन्यात तिच्या खेळावरून घरात बोलणे झाले. सराव संध्याकाळी सातला संपतो, येताना रस्त्यावर अंधार असतो आणि मुलगी मोठी होत चालली आहे. कोणी आवाज चढवला नाही. नववीत माझा खेळही असाच सुटला होता. बंदी कोणी घातली नव्हती, सगळ्यांना फक्त काळजी होती.

त्या संध्याकाळी मी घरात एलिझा नेल्सन यांच्याबद्दल सांगितले. त्यांचा जन्म १९५६ चा, पुण्याचा. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी पहिल्यांदा खेळली गेली. भारत चौथा आला, त्या संघात त्या होत्या. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. १९८३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

भाचीने विचारले, "फुफी, त्यांना सरावाहून घरी कोण सोडायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पदकांच्या यादीत ते नाव नसते. पण असे कोणीतरी असल्याशिवाय कोणतीही मुलगी देशाच्या संघापर्यंत पोहोचत नाही.

आपण म्हणतो, आपल्या मुलींमध्ये गुण असतील तर त्या पुढे येतीलच. मला हे पटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील शेतकऱ्याची मुलगी वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. गुण गावातही असतात आणि उल्हासनगरच्या गल्लीतही. पुढे लागते ती व्यवस्था. भारतीय महिला हॉकी वर्षानुवर्षे रेल्वेच्या नोकऱ्यांवर उभी आहे. पगार आणि शिबिरासाठी रजा मिळते, म्हणून खेळ शिक्षणानंतरही टिकतो. आंतरराष्ट्रीय हॉकी आता कृत्रिम टर्फवर होते, आणि आपल्या मुली मुरमाच्या मैदानावर शिकतात. बदलापूरच्या मुलीला चर्चगेटजवळच्या टर्फवर खेळायचे तर लोकलने जाऊन येण्यातच दिवस जातो.

टर्फ उद्या येणार नाही. पण काही गोष्टी पुढच्या महिन्यातही होऊ शकतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांच्या प्रशासनाकडे आपण एकत्र तीन मागण्या करू या: सार्वजनिक मैदानावर आठवड्यातले काही तास फक्त मुलींसाठी, तिथे चालू स्थितीतले स्वच्छतागृह, आणि मैदानापासून स्टेशनपर्यंत दिवे. निवेदनावर आयांच्या सह्या असाव्यात, कारण अडचण त्यांना नेमकी माहीत आहे.

चौथी गोष्ट आपल्याच हातात आहे. आमच्या वस्तीतल्या चार घरांनी पाळी ठरवली आहे. सोमवारी भाईजान जातात, बुधवारी शेजारच्या काकू, शुक्रवारी मी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि माझ्या मीटिंगा संध्याकाळीच असतात. शुक्रवारची मीटिंग मी साडेपाचला घ्यायला लावली. साहेबांनी कारण विचारले, मी खरे ते सांगितले.

भाची देशासाठी खेळेल का, हे मला माहीत नाही. नववीत तिचा खेळ सुटू नये, एवढे आम्ही करू शकतो. तुमच्या गल्लीत अशी मुलगी असेल, तर आज तिच्या घरी जाऊन विचारा: मुलीला घरी कोण सोडणार?